एकेक सिंगल की थेट अल्बम?
एकेक गाणं सोडण्यापेक्षा सरळ अल्बमच काढा, हे मला पटत नाही. स्वतंत्र बँडला प्रत्येक सिंगलमागे लोकांसमोर यायची नवी संधी मिळते. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी एका वेळी एकच अप्रकाशित गाणं पाठवता येतं, तेही रिलीजच्या आधीच; किमान ७ दिवस आधी पाठवा, असं स्पॉटिफाय सांगतं. आम्ही पहिल्या वेळी शेवटच्या रात्रीपर्यंत मिक्स चिवडत बसलो आणि ती मुदत हुकली. चूक आमचीच! पैशाचं म्हणाल तर २०२४पासून तिथे १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय रेकॉर्डिंगची रॉयल्टी सुरूच होत नाही. आणि हो, मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या ध्वनी-संस्कारात, आवाज कोंबू नका. स्पॉटिफायचं नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणं) तो साधारण -१४ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणतंच, मग हाती उरतात ते चेपलेले ड्रम्स.