'असभ्य' नको, 'अनुचित'ही नको, मग काय?

उंबरठा: परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. एका वाक्याचा आशय असा: नव्या समाजात आलेल्या माणसाकडून तिथली रीत नकळत मोडली जाते. मी 'असभ्य वर्तन घडतं' असं लिहिलं होतं. संपादकांनी 'असभ्य' खोडून 'अनुचित' केलं. खोडलं ते पटलं, पण 'अनुचित'ही खुपतंय. ज्याला रीत ठाऊकच नाही त्याच्यावर ठपका का? नियम मोडला एवढंच सांगणारा, माणसाला नावं न ठेवणारा शब्द हवा आहे.

मूळाक्षर: तुमचा पहिलाच शब्द बरोबर होता. पाणिनीचं 'सभाया यः' हे सूत्र पाहा. सभ्य म्हणजे सभेत शोभणारा. सभा बदलली की शोभणंही बदलतं, म्हणजे असभ्य हा त्या सभेपुरताच असभ्य. लोकांनी अर्थ बिघडवला म्हणून शब्द टाकायचा का?

बोलीभाषा: बिघडवला नाही, घडवला. कुणाला तोंडावर 'असभ्य' म्हणा आणि मग सूत्र सांगा. ऐकून घेईल का?
माझा एक बल्गेरियन सहकारी होता. होकार द्यायचा तर मान आडवी हलवायचा. पहिले काही दिवस मला वाटायचं, हा माझं प्रत्येक म्हणणं धुडकावतोय. 'बेमुर्वत' हाच शब्द मनात आला होता आणि खरं कळल्यावर त्याची फार लाज वाटली. त्याने काहीच मोडलं नव्हतं, खूण वेगळी होती. म्हणून माझं मत 'संकेत'ला. 'संकेतभंग' करा.

मूळाक्षर: संकेत म्हणजे ठरवलेली भेटसुद्धा. संकेतस्थळ हे मुळात प्रेमिकांच्या भेटीचं ठिकाण.

बोलीभाषा: आणि आज? अर्थ सरकतात.

पानगळ: 'अनुचित'ची बाजू कुणी घेत नाही म्हणून लिहिते. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचा प्राण मानलं. त्याचा दाखला सुंदर आहे: कमरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, तर लोक हसणारच. दागिन्यात खोट नाही, जागा चुकली. उंबरठाताई, तुम्हाला हवं ते नेमकं हेच नाही का?

उंबरठा: दाखला फार आवडला. पण 'अनुचित' वाचणाऱ्या विद्यार्थ्याला क्षेमेंद्र आठवणार नाही, प्रगतिपुस्तकातला शेरा आठवेल.

दूरदेशी: रीत एकाच समाजातही पालटते. स्वीडनमध्ये वरिष्ठांशी बोलताना हुद्दा किंवा आडनाव घ्यायची पद्धत होती. १९६७ साली ब्रूर रेक्सेड तिथल्या सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि कर्मचाऱ्यांना आपण 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार असं त्यांनी जाहीर केलं. त्या सुमारास ही चाल देशभर रुजली. तिथे हे 'तू' बरोबरीचं आहे. मराठीत आणताना मी दर वेळी अडते. 'तू' लिहिलं तर उद्धट वाटतं, 'तुम्ही' लिहिलं तर खोटं.

ओळंबा: इंग्रजीतला 'नॉर्म' लॅटिन 'नोर्मा'वरून आला आणि नोर्मा म्हणजे आपला गुण्या, काटकोन तपासायचं अवजार! माझे वडील गवंडी. भिंत कोनात नसली की 'गुण्यात नाही' म्हणायचे. भिंत वाईट आहे असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'तिथल्या गुण्यात न बसणारं वागणं' असं लिहा. 'गुण्यागोविंदाने'तला गुण्याही हाच असावा: कोनाला कोन जुळवून राहणं.

मूळाक्षर: अजिबात मान्य नाही. आवाज जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असं होत नाही. गोविंदाचं काय करणार?

उंबरठा: 'गुण्यात' बांधकामाबाहेर कितीजणांना कळेल? मी तूर्त 'तिथल्या रीतीला सोडून वागणं' लिहिते.

बोलीभाषा: 'सोडून' म्हटलं की जाणूनबुजून सोडल्यासारखं होतं. तुमचा मूळ मुद्दाच जातो.

ओळंबा: गोविंद नादासाठी जोडला असेल. 'शेजारीपाजारी'तला पाजारी कोण?

मूळाक्षर: पाजारी एकटा कुठे भेटत नाही, गोविंद भेटतो. जुन्या मजकुरातला एक तरी दाखला द्या, मग बोलू.