माळ्यावर राखणीला बसणाऱ्या बाबांसाठी पट्टा: घरी केलेला चालेल का?

सत्तरीकर
नमस्कार. वाळपईजवळ आमचे कुळागर आहे, पोफळी आणि मध्ये केळी. रानडुकरे एका रात्रीत केळीची अख्खी रांग उकरून टाकतात, म्हणून बाबा (वय 61) फणसावर माळा बांधून राखण करतात. माळा जमिनीपासून 18 फूट. चढायला खोडावर ठोकलेल्या फळ्या. सोबत बॅटरी आणि बडवायला तेलाचा रिकामा डबा. बंदूक नाही, नको. 1972 चा वन्यजीव कायदा आम्हाला माहीत आहे, तो सल्ला कृपया देऊ नका.

गेल्या मंगळवारी पहाटे चारला उतरताना वरून तिसरी फळी खिळ्यांसकट निघाली. हाताला फांदी लागली म्हणून वाचले. छाती, पोट सगळे सोलवटले. दोन दिवस आईला सांगितलेच नव्हते.

आता त्यांनी स्वतः पट्टा केला आहे. भंगारातल्या मोटारीचा सीटबेल्ट कमरेला, चांभाराकडून शिवून घेतलेला. त्याला आठ फूट निळी प्लास्टिकची दोरी आणि टोकाला किल्ल्यांच्या जुडग्याला असतो तसला हूक. माळ्यावर पोचले की ती दोरी बसायच्या फळीला अडकवायची. ‘जाऊ नका’ म्हणून ते ऐकणार नाहीत, केळी त्यांनी लावली आहेत. हा पट्टा चालेल का?

रिगर, वास्को
नाही. आजच तो काढून टाका.

मी 22 वर्षे जहाजदुरुस्तीत उंचीवर काम केले. हिशेब बघा. दोरी पायाजवळच्या फळीला बांधली आणि कंबर तिच्यावर तीन फूट. तोल गेला तर तीन अधिक आठ, म्हणजे 11 फूट खाली गेल्यावर दोरी ताणणार. तो सगळा हिसका पोटावर आणि कण्यावर. माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटूही शकतो. सीटबेल्टची पट्टी मजबूत असते, पण जुनी किती उन्हात राहिली ते कळत नाही, आणि चांभाराची शिवण बुटासाठी असते. निळी दोरी उन्हाने ठिसूळ होते आणि घासली की लवकर वितळते. हूक तर पहिल्याच हिसक्याला उघडेल.

दुसरे जास्त महत्त्वाचे. बाबा माळ्यावर बसलेले असताना पडले नाहीत, उतरताना पडायचे होते. अमेरिकेत हरणांच्या शिकारीला असेच झाडावर बसतात. त्यांनाही हेच शिकवतात, की चढणे, उतरणे आणि माळ्यावर पाय टाकण्याचा तो क्षण, धोका तिथे. त्यामुळे वर पोचल्यावर बांधून उपयोग नाही. पाय जमिनीवरून सुटायच्या आधी बांधलेले असले पाहिजे आणि परत जमिनीवर टेकेपर्यंत सोडायचे नाही.

पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, छाती, खांदे आणि दोन्ही मांड्यांचा. आयएसआय खूण आणि आयएस 3521 हा आकडा लेबलवर बघा. मग 11 मिलिमीटरची, चढाईसाठीच बनवलेली नायलॉन दोरी माळ्याच्या वर, बसल्यावर डोक्याच्या वर येईल अशा जाड जिवंत फांदीजवळ खोडाला बांधा. दुसरे टोक खाली बुंध्याशी. त्या दोरीवर 8 मिलिमीटरच्या दोरीचा छोटा फास तीन वेढे घेऊन बसवायचा. याला प्रुसिक म्हणतात. मोकळा असताना हाताने सरकतो, भार पडला की आवळतो. चढताना तो नेहमी डोक्याच्या वर ठेवायचा आणि हार्नेसच्या पाठीच्या कडीला जोडायचा. पण पडताना तो मुठीत धरायचा नाही, धरला तर सरकतच जातो. ही एक चूक अनुभवी माणसेही करतात. आधी जमिनीपासून फूटभर उंचीवर लटकून बघा, आणि बाबांना स्वतः लटकू द्या.

जुना पाडेली
मी माड चढून पोट भरले, अजून गुडघे सांगतात. खिळ्यांच्या फळ्यांवर कुणी विश्वास ठेवू नये. ओल्या लाकडात खिळा पहिल्या वर्षी घट्ट असतो, नंतर झाड वाढते, फळी फाटते, खिळा गंजतो, वरून काहीच दिसत नाही. शिडी लावा, खोडाला तीन ठिकाणी बांधा, आणि शिडीचे टोक माळ्यापेक्षा तीन फूट वर ठेवा, म्हणजे पाय टाकताना हाताला काहीतरी राहते. फणसाच्या बुंध्यावर शेवाळ आले असेल तर काथ्याने घासून काढा. बॅटरी आणि डबा हातात घेऊन चढू नये, सुतळीने नंतर ओढून घ्यावे. आणि खारी दोरी कुरतडतात, रोज चढण्याआधी हात फिरवून बघा.

काणकोणची
एकच सांगते. माझा भाऊ आंब्यावरून पडला तेव्हा शेजाऱ्यांनी प्रेमाने हातापायांना धरून जीपमध्ये टाकला. कण्याला मार होता. तसे करू नका, हलवू नका, 108 ला फोन करा. बाबांच्या खिशात फोन हवा, माळ्यावर ठेवलेला नको. आणि किती वाजता उतरणार ते घरात सांगून जायचे.

रिगर, वास्को
ताईंचे बरोबर. एक राहिले: हार्नेसमध्ये नुसते लटकत राहणेही धोक्याचे. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. खिशात एक दोरीचा फास ठेवा, त्यात पाय घालून उभे राहायचे आणि पाय हलवत राहायचे.

सत्तरीकर
सगळ्यांचे आभार. फळ्या काढल्या. पाचपैकी तीन खिळे हातानेच निघाले, ते बाबांच्या समोरच काढले. म्हापशाहून हार्नेस आणला, काल संध्याकाळी खालच्या फांदीला फूटभर उंचीवर बाबा लटकले. आई पडवीतून बघत होती. बाबा म्हणाले, ‘मांडीला काचतो.’ पट्टा सैल करून पुन्हा लटकले. मग तिसऱ्यांदा. दोरी आज वर बांधतो.