बाईकचा पहिल्यातून दुसरा गिअर टाकला की झटका बसतो, कामून?

मांजरसुंबेकर:
१५० सीसी गाडीय. दुसरा टाकताना झटका बसतो नाहीतर न्यूट्रलच लागतं. घाटात उसाच्या ट्रॉलीमागं तर लई तारांबळ राव, मागच्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटतं. क्लच प्लेट गेली का काय?

परभणीवाला:
प्लेट गेली असती तर इंजिन नुसतं बोंबललं असतं अन् गाडी पळालीच नसती, ते नाही हे. रेस सोडणं अन् क्लच दाबणं एकदमच झालं पाहिजे. बुटाचं टोक लिव्हरखाली आधीच हलकं टेकवून ठेव, क्लच दाबला की गिअर आपसूक बसतो. अन् मधी न्यूट्रल असतंय म्हणून लिव्हर पार वरपर्यंत उचलायचा, अर्ध्यात सोडायचा नाही.

लातूरचा गडी:
चेन बघा आधी, ढिली असली की कितीबी नीट टाका, झटका बसतोच. अन् कारचं ऑइल टाकू नका, बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलातच बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए, म्हंजी ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलाची खूण, बघूनच घ्या.

मांजरसुंबेकर:
अन् घाट उतरताना?

परभणीवाला:
एकेकच गिअर कमी कर, क्लच दाबलेला असतानाच रेसला जरासा झटका दे अन् मग हळू सोड. पावसात तर क्लच फटकन सोडूच नको, मागचं चाक घसरतं.