एक खिडकी उघडली म्हणून अणुकचरा जात नसतो

सांगलीचा_जुना: परवा एकानं इथं अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या जुन्या प्लुटोनियम कारखान्यावर लिहिलं, 'हॅनफर्डच्या सफाईला एवढे कायदे कशाला, ऊर्जा खात्याकडं एक खिडकी द्या, काम उरकतंय.' डोकंच फिरलं. अहो, १९८९ लाच तिथं केंद्राचं ऊर्जा खातं, ईपीए (केंद्राची पर्यावरण संस्था) आणि वॉशिंग्टन राज्य यांचा त्रिपक्षीय करार झालाय, सुपरफंड (जुन्या दूषित जागा साफ करायचा कायदा) आणि आरसीआरए (घातक कचऱ्याचा कायदा) एकाच वेळापत्रकात बसवलेत. तरी १७७ टाक्यांतला माल सरंना. एकाच टाकीत किरणोत्सर्गी पण आणि विषारी रसायनं पण, म्हणजे अणुऊर्जा कायदा एकीकडं नि घातक कचऱ्याचा कायदा दुसरीकडं लागणारच. आणि १९९२ चा कायदा येईपर्यंत राज्याला केंद्राच्या खात्याला दंडसुद्धा धड करता येत नव्हता, त्याच खात्याकडं सगळ्या चाव्या द्यायच्या?

कराडचा_भाऊ: रॉकी फ्लॅट्स, तो कोलोरॅडोतला अणुबॉम्बचे भाग करणारा कारखाना, बरं सोयीनं विसरलात. १९९६ च्या करारात कारखान्याच्या आवारात कोलोरॅडो राज्य पुढं, भोवतालच्या मोकळ्या जागेत ईपीए पुढं. दोघांनी एकाच कागदावर नांगर फिरवायचा नाही. २००५ ला काम संपलं. दहा सह्यांनी नदी वाचत नसती.

मिरज_जंक्शन: तिकडचं ऱ्हाऊ दे. कृष्णेत मासे मेले तवा मी पाणी बाटलीत भरून एका ऑफिसात नेलं, ते म्हणाले नाल्याचं आहे, दुसरीकडं जा. दुसरे म्हणाले मळी आहे, पहिल्यांकडंच जा. बाटली टेबलावर ठेवली तर साहेब नाकाला रुमाल लावून म्हणतो 'झाकण लावा आधी'.

वाईकर: शेरीनाला तुमचा, वास तुमचा, आणि बोट दरवेळी वरच्यांकडं!

मिरज_जंक्शन: वरनं काय गंगाजल सोडता काय? उन्हाळ्यात येऊन बघा, फेस येतोय घाटापर्यंत.

वाईकर: आम्ही पण तेच पाणी पितो, शहाणपणा नको.

सांगलीचा_जुना: भांडा तुम्ही. भाऊ, रॉकी फ्लॅट्सचं मान्य, हार घाला स्वतःला. पण 'संपलं' म्हणजे काय ते पण सांगा की. वरच्या तीन फूट मातीला प्लुटोनियमची मर्यादा कडक, खाली ढिली, इमारतींचे पाये अजून जमिनीत, आणि मधला भाग लोकांना बंदच. कुठपर्यंत साफ करायचं हे एकाच साहेबानं ठरवलं असतं तर तुम्ही तिथं घर बांधलं असतं का?

कराडचा_भाऊ: मला मलकापुरातच प्लॉट परवडंना, कोलोरॅडो कुठलं. पण आघाडी एकाचीच हवी, तेवढं लिहून ठेवा.

मिरज_जंक्शन: आणि माझ्या बाटलीचं काय?