नवी बॅटरी टाकली तरी चार्जिंग होईना (बुलेट, १९९९)

येळ्ळूरकर
नमस्कार मंडळी. बाबांची १९९९ ची बुलेट ३५० आहे. पॉइंटवाली, किकची. मी रोज येळ्ळूर ते बेळगावचं उद्यमबाग तिच्यावरच करतो. गाडी टकाटक आहे, गेल्या गणपतीला सगळी खोलून फ्रेमला रंग मारून घेतला, शेजारीपाजारी अजून वळून बघतात. पण दिवाळीपासून बॅटरी टिकेना. म्हातारी झाली असेल म्हणून मृगात नवी टाकली, तीन आठवड्यांत तिचीही तीच गत.

परवा रविवारी चोर्ला घाटाकडून परत येताना कणकुंबी सोडली आणि हॉर्न डास गुणगुणल्यासारखा वाजायला लागला. जांबोटीच्या अलीकडे मिसिंग सुरू, मग फट् फट् करून बंद. वर पाऊस, खाली चिखल, मागे बायको. एका रिकाम्या टेम्पोवाल्यानं गाडीसकट पिरनवाडीपर्यंत आणलं म्हणून घर बघितलं. तेव्हापासून कुठंही निघायचं म्हटलं की ती आधी बसचं टायमिंग विचारते.

मेस्त्रीनं रेग्युलेटर (बॅटरीला जाणारं चार्जिंग ताब्यात ठेवतो तो डबा) बदलला. फरक शून्य. आता म्हणतोय क्लच केस उघडून अल्टरनेटरची (वीज तयार करतो त्याची) कॉइल रिवाइंड करू. मी मीटर लावून बघितलं: सकाळी गाडी बंद असताना ११.९ व्होल्ट, चालू करून रेस दिली तरी १२.३ च्या वर जाईना. अँपियर मीटरचा काटा चार्जिंग होताना प्लसकडं जायला पाहिजे, तो मध्यावर मेल्यासारखा पडलेला. कॉइलच गेली समजू काय?

नादखुळा_निपाणी
सोपं आहे भावा. गाडी चालू ठेव आणि बॅटरीची वायर काढ. बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर बॅटरी खराब. आमच्याकडं सगळे असंच बघतात.

डेपोतला_काका
निपाणीकर, हे परत कुणाला सांगू नका. बॅटरी हीच त्या सर्किटची उशी. चालत्या गाडीत ती काढली की व्होल्टेज कुठंही उडी मारतं, बल्ब फुटतात आणि चांगला रेग्युलेटर जळतो. म्हणजे एक बिघाड शोधायला जाऊन दुसरा करून ठेवायचा.

येळ्ळूरकर, मी तीस वर्षं बसगाड्यांचं इलेक्ट्रिकल बघितलं. तुझ्या पोस्टमध्ये तू सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कौतुक म्हणून सांगून गेलास. रंग मारलास ना? चार्जिंग कधीपासून बिघडलं ते बघ.

आधी बॅटरी बाहेर काढून रात्रभर हळू चार्ज कर. दोनेक तास ठेवल्यावर १२.६ च्या आसपास दाखवली पाहिजे. ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी, तिच्यावर काहीही तपासलंस तरी उत्तर खोटंच येणार.

मग गाडी चालू करून मीटर डीसी व्होल्टवर ठेव. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खिळ्यावर, दुसरं रेग्युलेटरच्या अंगावर, रंग खरवडून. रेस दे. ०.२ च्या आत आलं तर ठीक. जास्त आलं तर तेवढे व्होल्ट तुझा सुंदर रंग खातोय. रेग्युलेटर जो करंट पाठवतो तो बॅटरीतून फ्रेमवाटे परत यायला लागतो, आणि बोल्टखाली रंगाचा थर असला की येणार कुठून? मेस्त्रीनं नवा रेग्युलेटर त्याच रंगावर आवळला असणार. म्हणून फरक शून्य.

तसंच प्लसच्या बाजूनं बघ, रेग्युलेटरच्या आउटपुटपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. मधे फ्यूज आणि अँपियर मीटर येतात. त्या मीटरच्या मागची नटं या गाड्यांत धडधडीनं ढिली होतात, वायरीच्या टोकाचं थिंबल काळं पडतं. हेडलाइट काढून हात घाल, पण त्याआधी बॅटरी सोड, नाहीतर ठिणगी बघशील.

एवढं करूनही नाही जमलं तरच अल्टरनेटर. त्याच्या वायरींचा जोड, म्हणजे कपलर, सुटा कर. कॉइलच्या वायरीपासून बॉडीला कंटिन्यूटी, म्हणजे करंट जायला सलग वाट, येता कामा नये. मग चालू करून त्या वायरींमध्ये एसी व्होल्ट बघ. रेसबरोबर चढत गेले तर कॉइलही बरी, मॅग्नेटही बरा. त्याआधी क्लच केसला पाना लावू देऊ नकोस. ती उघडली की ऑइल काढा, पॅकिंग बदला, आणि परत बसवताना रोटर (फिरणारा मॅग्नेट) आणि कॉइलमधली ०.२ मिमीची फट चारी बाजूंनी सारखी राखा. फिलर गेज न लावता अंदाजानं बसवणारे असतात, मग रोटर घासतो आणि खरंच नवी कॉइल घ्यावी लागते.

माझा हुबळीकडचा एक जोडीदार होता, कुठलीही बस आली की पहिलं वाक्य, ‘अर्थ मोदलु नोडप्पा.’ आधी अर्थिंग बघ बाबा, म्हणजे बॉडीला जोडलेली मायनसची वाट. आम्ही हसायचो. दहातल्या बऱ्याच वेळा तोच बरोबर निघायचा.

चंदगडी
काकांचं बरोबर. आमच्याकडं आंबोलीच्या बाजूला पावसाळ्यात कपलरच्या आत हिरवं येतं, बाहेरनं काही दिसत नाही. साफ करून थोडं व्हॅसलीन. आणि एक विचारू गा, फॉग लाइट वगैरे लावलायस काय? ५५ वॅटचे दोन म्हणजे नऊ अँपियर झाले, जुन्या बुलेटचा तेवढा जीव नाही.

येळ्ळूरकर
फॉग लाइट नाही ओ.

काका, काल सुट्टी काढूनच बसलो. मायनसकडं १.६ आलं! प्लसकडं ०.३. मीटरच्या मागचं एक नट बोटानं फिरत होतं. फ्रेमवरचा अर्थचा बोल्ट काढला तर खाली पांढरा प्रायमर, त्यावर काळा, त्यावर लॅकर. कानशीनं पत्रा उघडा करताना जीव वर-खाली झाला, पण केला. रेग्युलेटरखाली पण तेच. शिवाय इंजिनच्या बोल्टापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जाड वायर वेगळी टाकली.

आता रेसवर १४.१. काटा प्लसकडं जातो आणि थोड्या वेळानं मध्याकडं येतो. इंडिकेटरबरोबर डुलतो, लहानपणी बाबांच्या पुढं टाकीवर बसून बघायचो तसाच. फक्त स्लोवर असताना ब्रेक दाबला की मायनसला जातो. काही राहिलंय काय?

डेपोतला_काका
काही राहिलं नाही. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, पावणेदोन अँपियर तोच ओढतो, आणि स्लोवर अल्टरनेटर फार देत नाही. ब्रेक सोडल्यावर काटा परत आला की झालं. नाही आला तर मागं वळून बघ, ब्रेकचं स्विच चिकटून लाइट तसाच जळत असेल.

१.६ आणि ०.३ मिळवून बघ, १४.१ आणि तुझ्या जुन्या १२.३ मधला हिशेब जवळपास जुळतो.

उघड्या पत्र्यावर व्हॅसलीन लावलंस काय? नाहीतर पुढच्या मृगात गंज.

येळ्ळूरकर
लावलं. आणि जुना रेग्युलेटर मेस्त्रीकडून परत आणायला निघालोय. बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. तेवढा सीटखाली ठेवतो, चोर्ल्याला जाताना असू दे.