मार खाल्लेले मुलगे पुढे हिंसक होतात का? पालकसभेत काय सांगावं?

सातपूर_शाळा

पाचवी ते आठवीच्या मुलग्यांच्या पालकांची सभा घ्यायची आहे. बहुतेक वडील नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांत, पाळीवर. विषय: घरातली मारझोड आणि मुलग्यांचं पुढचं वागणं. वेळ ४० मिनिटं. हाती आलेल्या टिपणात पहिलंच वाक्य आहे, "मार खाल्लेला मुलगा मोठेपणी बायकोला मारतो." हे असंच सांगावं का? आकडे कोणते विश्वासाचे? आणि वर्गात एखाद्याच्या पाठीवर वळ दिसले तर शिक्षकाने कशानंतर काय करायचं, हेही हवं आहे.

चाळीतला_कांदा

ते वाक्य काढा. समोर बसलेल्या कितीतरी वडिलांनी लहानपणी पट्टा खाल्लेला असतो. पहिल्याच मिनिटाला त्यांना आरोपी केलंत तर उरलेली ३९ मिनिटं ते भिंतीकडे बघतील. शिवाय वाक्य चूकच आहे.

कांद्याचं उदाहरण द्या, नाशिकमध्ये फोड करून सांगावं लागणार नाही. कांदे साठवायच्या चाळीतले सडके कांदे बाजूला काढून विचारलं, यातले काढणीला भिजलेले किती, तर बरेच निघतील. पण भिजलेल्या सगळ्या कांद्यांतले सडले किती, हे कळायला शेतापासून माग काढावा लागतो. नाशिकरोड कारागृहात जाऊन कैद्यांना बालपण विचारणं हा पहिला प्रकार झाला.

शेतापासून माग काढणारा गाजलेला अभ्यास अमेरिकन संशोधक कॅथी विडम यांचा, १९८९ सालचा. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात १९६७ ते १९७१ या काळात कोर्टापर्यंत गेलेल्या छळ-हेळसांडीच्या प्रकरणांतली ९०८ मुलं-मुली घेतली, आणि वय, लिंग, वंश, घरची परिस्थिती जुळवून ६६७ इतर. पुढे हिंसक गुन्ह्यात अटक झालेले पहिल्या गटात ११.३ टक्के, दुसऱ्यात ७.९. धोका वाढतो, यात शंका नाही. तरी पहिल्या गटातल्या दर शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद जणांना अशी अटक झालेली नव्हती. पहिल्या गटातच मारहाण झालेल्यांत अटकेचं प्रमाण १५.८ टक्के. ज्यांची नुसती हेळसांड झाली, त्यांच्यात १२.५. हा शेवटचा आकडा सभेत दोनदा सांगा. "आम्ही पोराला बोट लावत नाही" म्हणणाऱ्या घरात पोरगं संध्याकाळी कुठे असतं, जेवलं का, हे कुणालाच ठाऊक नसेल तर तेही याच हिशेबात येतं.

एक मर्यादा लक्षात असू द्या. अटक म्हणजे पोलिसांपर्यंत पोचलेली हिंसा. घरात बायकोवर हात उचलणारा बहुतेक वेळा या आकड्यात येतच नाही. त्यासाठी २०१३ ची संयुक्त राष्ट्रसंघाची पाहणी बघा: बांगलादेश, श्रीलंका धरून आशिया-पॅसिफिकमधले सहा देश, सुमारे १०,००० पुरुष. लहानपणी छळ सोसलेल्या आणि आईला मार खाताना पाहिलेल्या पुरुषांत जोडीदाराला मारण्याचं प्रमाण जास्त आढळलं. भारत त्यात नव्हता. आणि ही पुरुषांनी स्वतः मागे वळून सांगितलेली माहिती, म्हणजे पुन्हा चाळीतून शेताकडे; तेवढं धरून वाचा.

आपल्याकडचं म्हणाल तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास: १३ राज्यं, १२,४४७ मुलं. तिघांतल्या दोघांनी शारीरिक छळ सांगितला, त्यांतले ५४.६८ टक्के मुलगे. लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांतही ५२.९४ टक्के मुलगे होते. "मुलग्याला काय होतंय" हे इथेच संपतं.

जनुकांचा विषय मात्र सभेत काढू नका. छळ सोसलेल्या मुलग्यांतल्या हिंसेचा एका जनुकाशी संबंध सांगणारा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा २००२ चा अभ्यास कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकेल. नंतरच्या अभ्यासांत निकाल एकसारखे आलेले नाहीत, आणि पालक घरी जाताना "रक्तातच आहे" एवढंच घेऊन जातील.

सातपूर_शाळा

वडील हमखास म्हणतात, "आम्ही पण खाल्ला मार, आमचं काय बिघडलं?" यावर काय बोलायचं?

दुपारपाळी

वाद घालू नका. "बिघडलं नाही, चांगलंच झालं. कोण होतं तेव्हा तुमच्या बाजूने?" असं विचारा. आजी, मामा, एखादे सर, कुणाचं तरी नाव निघतंच. मग म्हणा, तुमच्या पोराला असं माणूस कोण आहे? भिजलेला कांदाही हवा खेळली तर टिकतो.

मार पुढच्या हिंसेत कसा उतरतो, हे दोन उदाहरणांनी सांगता येतं. पहिलं, नजर बदलते. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ३०९ लहान मुलांचा अभ्यास मांडला. घरात जबर मार खाल्लेली मुलं दुसऱ्याच्या साध्या कृतीतही वाईट हेतू जास्त पाहत होती. समजा, सीबीएस बसस्थानकावर गर्दीत खांदा लागला. एकाच्या मनात "गर्दी आहे", दुसऱ्याच्या मनात "मुद्दाम मारला". सतत कुठून फटका येईल याची वाट बघणाऱ्या पोराला ही सवय घरात उपयोगी पडते, रस्त्यावर अंगाशी येते. वर्गात यावर काम होतं: भांडणानंतर शांत झाल्यावर मुलाकडून त्या घटनेची तीन वेगळी कारणं काढून घ्यायची. पहिलं कारण "मुद्दाम" असेल तर असू दे, खोडायचं नाही. उरलेली दोन त्यानेच शोधायची. भांडण तापलेलं असताना हे करायला गेलात तर फुकट जातं.

दुसरं, घरातला चढता जिना. वडील म्हणतात मोबाइल ठेव. पोरगं आरडाओरडा करतं. चार दिवस वडील कंटाळून सोडून देतात, म्हणजे ओरडणं फळलं. पाचव्या दिवशी कानाखाली बसते आणि पोरगं गप्प, म्हणजे मारही फळला. दोघं एकमेकांना पुढची पायरी शिकवत असतात. उद्या तेवढ्याने भागत नाही. हे मोडायचं तर सूचना एकच, जवळ जाऊन, साध्या आवाजात. पाच मिनिटं आधी कल्पना. नाही ऐकलं तर उद्याचा मोबाइल अर्धा तास कमी, आणि हे रोज तसंच. सुरुवातीचे काही दिवस आरडाओरडा वाढतो. बहुतेक पालक इथेच "हे मारल्याशिवाय सुधरत नाही" म्हणून सोडतात, म्हणून ही वाढ होणार हे आधीच सांगून ठेवा.

"मुलीसारखा रडतोस काय" हेही सभेत घ्या. भीती आणि लाज दाखवायला बंदी केली की दाखवायला राग तेवढा उरतो.

आणि एखादा बाप "मीही असाच वाढलो, हात आवरत नाही" म्हणाला, तर त्याला विचारा, कंपनीत सुपरवायझर ओरडल्यावर आवरतो का? आवरतो. मग घरात आवरण्याबद्दल बोलता येतं. रागाची खूण ओळखायची (जबडा, हाताच्या मुठी), बायकोशी आधीच ठरवलेला शब्द बोलून वीसेक मिनिटं बाहेर पडायचं, गाडी काढायची नाही, गुत्त्यावर जायचं नाही, ठरल्या वेळी परत यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं, सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र समुपदेशनाला बसवू नका. समोर तिने खरं सांगितलं की घरी त्याचा हिशेब होतो.

नियम_१७

वळांबद्दल. गुडघे, नडगी, कपाळ इथली खरचट खेळातली असू शकते. कान, मान, पाठ, कुल्ले, मांडीची आतली बाजू, किंवा वायर-पट्ट्याचा वळसा उमटलेला असेल तर सावध व्हा.

मुलाला बाजूला घ्या, पण दार उघडं ठेवून. "हे कसं झालं?" एवढंच विचारा. "बाबांनी मारलं ना?" असं उत्तर तोंडात घालू नका. "कुणाला सांगणार नाही" हे वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहा. त्याला चार शिक्षकांसमोर तेच पुन्हा सांगायला लावू नका. वडिलांवर संशय असेल तर आधी घरी फोन करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. रात्री पोराचं काय होतं ते शाळेला दिसत नाही. आधी मुख्याध्यापकांना सांगा, मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा बाल कल्याण समितीला.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पर्यायच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे आणि कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. "शाळेचं नाव जाईल" म्हणून आपसांत मिटवणारे इथे सापडतात.

आणि सभेआधी स्टाफरूममधल्या छड्या उचला. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई. उठाबशाही त्यातच येतात.