मदत हवी आहे: दोन प्रॉक्सींमधून (विनंती पुढे पोचवणारे मधले सर्व्हर) जाताना होस्ट हेडर (मागितलेल्या साइटचं नाव सांगणारी ओळ) बदलतो

नागपूरच्या ऑफिसात एकाच मशीनवर दोन साइट आहेत. समोर एन्जिनएक्स हा पहिला प्रॉक्सी, तो टीएलएस (एचटीटीपीएसचं कूटीकरण) उलगडून विनंती १०.०.०.५:८०८० वरच्या अपाचे या दुसऱ्या प्रॉक्सीकडे पाठवतो. अपाचेमागे ८००१ आणि ८००२ पोर्टवर दोन जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) ॲप. दुसऱ्या साइटचं नाव टाकलं तरी पहिलीच उघडून राहिली. पासवर्ड बदलायच्या मेलमधली लिंकही १२७.०.०.१:८००१ ने सुरू होते. एन्जिनएक्सच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये «प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट» आहे. मग चुकतं कुठे?

— भाऊ, त्याच्या आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये काय काय आहे?

— प्रॉक्सी_पास (विनंती कुठे पाठवायची तो पत्ता), आणि एक्स-रिअल-आयपी (पाहुण्याचा मूळ आयपी) पाठवणारी एक प्रॉक्सी_सेट_हेडरची ओळ. एवढंच.

— तीच ओळ नडतेय. लोकेशनमध्ये एक जरी प्रॉक्सी_सेट_हेडर असला तरी वरच्या ब्लॉकमधले सगळे रद्द होतात, त्यांची बेरीज होत नाही. मग एन्जिनएक्स होस्ट म्हणून प्रॉक्सी_पासमधला पत्ताच पाठवतो. १०.०.०.५ नावाचा व्हर्च्युअल होस्ट (एका साइटचा विभाग) अपाचेला सापडत नाही, म्हणून तो यादीतला पहिला उघडतो. होस्टची ओळ लोकेशनमध्येच लिहा. बाहेरचं पोर्ट ४४३ नसेल तर $एचटीटीपी_होस्ट घ्या. $होस्टमध्ये पोर्ट येत नाही.

मेलच्या लिंकचं कारण वेगळं आहे. अपाचेत प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट (आलेला होस्ट तसाच पुढे पाठवणारं सेटिंग) मुळात बंद असतं. दोन्ही व्हर्च्युअल होस्टमध्ये ते ऑन करा. जँगोतलं यूज_एक्स_फॉरवर्डेड_होस्ट (एक्स-फॉरवर्डेड-होस्ट हेडरमधून नाव घेणारं सेटिंग) मात्र बंदच राहू द्या, त्याची आता गरज नाही. शिवाय समोरून एक्स-फॉरवर्डेड-होस्ट हेडर आधीच आला असेल तर अपाचे स्वल्पविराम देऊन त्यात भर घालतो, आणि अशी जोडलेली नावं जँगो ४०० (चुकीची विनंती) देऊन नाकारतो.

तपासणी आतून बाहेर करा: एन्जिनएक्सच्या मशीनवरून कर्लने (कमांडवरून विनंती पाठवणारं साधन) होस्ट हेडर हाताने देऊन थेट ८०८० ला विचारा. तिथे बरोबर साइट आली तर दोष एन्जिनएक्समध्ये.

— दुसरी साइट उघडली, धन्यवाद! पण लिंक अजून एचटीटीपीनेच येते, आणि लॉगिनला ४०३ (परवानगी नाही).

— ॲपपर्यंत साधं एचटीटीपीच पोचतं ना. त्याच लोकेशनमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडरला $स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस) द्या. अपाचे तो हेडर तसाच पुढे नेतो. जँगोत सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर या सेटिंगमध्ये तोच हेडर भरा. जँगो ४.० पासून ओरिजिन हेडर (विनंती कोणत्या साइटवरून आली ते) पडताळला जातो, तिथे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस जुळत नाहीत म्हणून ४०३. पण त्याआधी फायरवॉलवर ८०८० फक्त एन्जिनएक्सच्या मशीनपुरतं उघडं ठेवा, आणि ८००१, ८००२ हे १२७.०.०.१ वरच बांधा. नाहीतर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो बाहेरून कोणीही खोटा पाठवेल. अलाउड_होस्ट्समध्ये (चालणाऱ्या नावांची जँगोतली यादी) तारका (*) असेल तर तीही काढून साइटची खरी नावं लिहा.